एक खडा, उधार

पंधरापैकी चौदा शाबूत आहेत.
एकच गेलंय, बॅलन्सच्या खालचं.
तडा इतका बारीक की भिंगातूनही चकवतो,
पण सुई फिरवली की टोकाला लागतो,
भातातला खडा दाताला लागावा तसा.

घड्याळ ताराबाई सोनकुसऱ्यांचं.
म्हणजे त्यांच्या वडिलांचं,
जे नागभीडच्या छोट्या लाईनवर गार्ड होते.
ती लाईन उखडली. शिटी, झेंडे, कंदील कुठं गेले ठाऊक नाही.
हे तेवढं पेटीत राहिलं.
"चालू व्हायला पाह्यजे जी," म्हणाल्या,
"वेळ चुकली तरी चालते."
गार्डाच्या लेकीनं असं म्हणावं!

इतवारीच्या सराफ्यात दाखवायला नेलं.
शेठनं चिमट्यानं उचलून काट्यावर ठेवलं.
काटा हललाच नाही.
"भट्टीतलं माणिक," तो म्हणाला, "याला काय मोल?"
खरंय. माणकाला नाहीच.
मोल आहे ते भोकाला,
लाल दगडाच्या पोटात
केसाएवढं, आणि केसापेक्षा गोल,
कुणीतरी कुठंतरी आयुष्य घालवून पाडलेलं.

बर्डीवरचा सेलवाला पोरगा:
"काका, आतलं मशीनच बदला ना."
त्याच्याकडं एसी होता. घटकाभर बसलो.

मोमिनपुऱ्यात हशमतभाईंच्या सुनेनं
बिस्किटांचा डबा पुढं केला.
"भंगारात देनेवाली थी, चाचा."
डब्यात चाळीस वर्षं कालवलेली:
स्प्रिंगा, काटे, बिनकाट्यांच्या तबकड्या,
आणि कागदी पुड्या, वर उर्दूत आकडे.
मला वाचता येत नाहीत.
नात मांडीशी बसून एकेक वाचत गेली,
मध्येच थांबून शेंगदाणे खात.
मला हवा तोच आकडा तिनं वाचला,
वर नावसुद्धा बरोबर, त्याच कंपनीचं.
पुडी उघडली.
रिकामी.
हशमतभाईंनी कधीच कुणाला तरी लावून दिलं होतं.
घडी मात्र पुन्हा नीट घालून ठेवली होती.

मग उरला माझाच खालचा खण.
त्यात धनराज उक्यांचं घड्याळ,
तीच कंपनी, तोच नंबर,
दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: पाच तारखेला नेतो.
एक्क्याण्णव सालापासून.
चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं.
स्प्रिंग तुटलीय, बाकी सगळं ठणठणीत.
तीन दिवस खण उघडला आणि लावला.
चौथ्या दिवशी उघडला.

मे महिना, सेहेचाळीस अंश,
आणि कूलर बंद.
कूलरच्या वाऱ्यानं माणिक उडतं.
उडालंच, वाऱ्याशिवाय,
चिमट्यातून टिच् करून.
फरशीला गाल लावून टॉर्च आडवा धरला:
मोहरीचा दाणा,
बांगडीची काच,
मुंगीनं अर्ध्यात टाकलेलं काहीतरी.
तासाभरानं कपाळ पुसायला हात वर नेला
तर मनगटाच्या घामावर चिकटलेलं,
लालबुंद, ऐटीत.

ताराबाईंनी घड्याळ कानाला लावलं.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग हिशेब विचारला, मी सांगितला,
त्यांनी दहा रुपये कमी केले.
उक्यांबद्दल मी बोललो नाही.

तडकलेलं माणिक उक्यांच्या घड्याळात बसवलं,
जागा रिकामी दिसू नये म्हणून.
वहीत लिहिलं:
धनराज उके यांचं देणं. खडा, एक.
दोरा पुन्हा बांधला.

चिठ्ठीवर महिना लिहिलेला नाही.
आज चार तारीख.